मिरजेला जाल तर गाणे ऐकूनच या

मिरज हे गाव आपल्या बहुतेक घरांत दोन गोष्टींमुळे माहीत असते. एक रेल्वेचे जंक्शन आणि दुसरा मिशनचा दवाखाना. पुण्याहून कोल्हापूरला जा, नाही तर पंढरपूरकडून बेळगावला जा, मिरज लागतेच. एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ या एका स्टेशनात येत असत. त्यामुळे रेल्वेत खलाशी, गँगमन, पॉइंट्समन म्हणून राबलेल्या कितीतरी माणसांच्या आयुष्यात मिरज आले. 2016 च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली, तीही कृष्णेचे पाणी भरून इथूनच. दवाखान्याचे तर सांगायलाच नको. कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रोगी पिढ्यान्‌पिढ्या मिरजेची वाट धरत आले आहेत.

पण गाणे ऐकण्यासाठी म्हणून कोणी मिरजेला गेले, असे आपल्या वस्तीत सहसा ऐकू येत नाही. खरे तर वर्षातून निदान दोन वेळा या गावात देशातले नामांकित गायक-वादक येऊन गातात, वाजवतात, आणि ते ऐकायला एक पैशाचेही तिकीट पडत नाही. मुंबई-पुण्याच्या सभागृहात हेच गाणे ऐकायचे तर मोठ्या कुटुंबाचा खर्च झेपण्यासारखा नसतो. म्हणून हा लेख. पुढच्या उरुसाला किंवा दसऱ्याच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन कुठे जावे असा विचार घरात चालू असेल, तर या गावाचा विचार करावा.

पहिले निमित्त ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाचे. गावात पाळणे लागतात, खाजा-मिठाईची दुकाने लागतात, खेळणी, बांगड्या, भांडी, सगळा बाजार भरतो. मुलांना तेवढेही पुरेसे असते. पण खरी गोष्ट दर्ग्याच्या आवारात आहे. तिथे चिंचेचे झाड आहे. त्या झाडाखाली खाँसाहेब अब्दुल करीम खाँ बसून गात असत, आणि उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मृतीची संगीतसभा याच आवारात भरते. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर इथे गायल्या, भीमसेन जोशी गायले, गंगूबाई हनगल गायल्या. श्रोते सतरंजीवर मांडी घालून बसतात. राखीव खुर्ची पुढे आणि आपण मागे, असा प्रकार नसतो. लवकर येईल तो पुढे बसेल.

अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेकडील कैराना गावचे. जन्म 1872 चा. ते मिरजेत आले तेव्हा प्लेगने आजारी होते, दर्ग्यात राहिले, बरे झाले आणि मिरजेचेच होऊन गेले, असे सांगतात. त्यांचा शेवट रेल्वे कामगारांच्या घरात तरी मुद्दाम सांगावा असा आहे. 1937 च्या ऑक्टोबर महिन्यात मद्रासकडच्या दौऱ्यावर असताना गाडीत त्यांना बरे वाटेना. सिंगपेरुमाळकोविल नावाच्या एका लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावरच बिछाना टाकला, नमाज झाला, आणि तिथेच त्यांनी प्राण सोडला. एवढ्या मोठ्या गवयाला शेवटी मिळाला तो स्टेशनाचा फलाट. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केले. सभा भरते ती त्यांच्या कबरीजवळ.

आता एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणार, तो आधीच घेतो. आपण बौद्ध. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या माणसाने दर्ग्यात जायचे का? माझे मत स्पष्ट आहे. नवस बोलायचा नाही, गंडा-दोरा बांधून घ्यायचा नाही, गाणे ऐकायचे आणि घरी यायचे. कान उघडे ठेवल्याने प्रतिज्ञा मोडत नाही. बाबासाहेबांनी वयाची साठी जवळ आलेली असताना, एवढ्या कामाच्या रगाड्यातून वेळ काढून, व्हायोलिन शिकायला घेतले होते हे आपण विसरतो. संगीत ही कोण्या एका धर्माची किंवा जातीची मालमत्ता आहे असे त्यांनी मानले असते, तर त्यांनी ते वाद्य हातात धरले नसते.

या उरुसाबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. उरुसाची सुरुवात ज्या गलेफने होते, त्या पहिल्या गलेफचा मान चर्मकार समाजाकडे आहे. ज्या माणसाच्या हातचा जोडा चालतो पण सावली चालत नाही, अशी रीत ज्या मुलखात शेकडो वर्षे होती, त्याच मुलखातल्या या गावात पहिला मान त्याचा. वर्षातून एक दिवस मान दिल्याने पोट भरत नाही आणि बरोबरीही येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरी देखील हे घडते आहे, आणि आपल्या मुलांना ते डोळ्यांनी दिसावे असे मला वाटते.

दुसरे निमित्त नवरात्राचे. अंबाबाईच्या देवळाच्या आवारात नऊ संध्याकाळी संगीत महोत्सव होतो. गेली कित्येक दशके हा क्रम चालू आहे. गाणे उत्तम असते. पण देवळाच्या आवारात बसणे काही घरांना रुचणार नाही, आणि त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही. ज्या दारातून आपल्या आजोबा-पणजोबांना हाकलले गेले, त्या दारात नातवाने गाण्यासाठी तरी जावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांना नको त्यांनी उरुसाची वाट पाहावी.

गंगूबाईंचे नाव वर आले म्हणून सांगतो. 1924 साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. त्या वेळी स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत ही दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. आपल्या जातीमुळे आपल्याला वेगळ्या पंगतीला बसवतील, किंवा जेवणावळीनंतर उष्टे काढायला लावतील, अशी भीती त्या वेळी तिच्या मनात होती. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे. गाण्याचे कौतुक बाजूला आणि ही धास्ती पोटात! पुढे त्या किराणा घराण्याच्या मोठ्या गायिका झाल्या, 2002 साली पद्मविभूषण मिळाले. शास्त्रीय गाणे म्हणजे उच्चवर्णीयांच्या दिवाणखान्यातली चीज, असे समजून जे घरी बसतात त्यांनी गंगूबाईंचे आयुष्य जरूर वाचावे. हे गाणे मुसलमान उस्तादांनी जपले, कलावंतिणींच्या मुलींनी जपले, देवदासींच्या पोटी जन्मलेल्यांनी जपले. नंतर त्यावर पाटी दुसऱ्याची लागली.

आणि ज्या तंबोऱ्याशिवाय हे गाणे उभेच राहत नाही, तो तंबोरा करतो कोण? त्यासाठी मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत गेले पाहिजे. सभा संध्याकाळी असते, दिवस मोकळा असतो, तेव्हा हा फेरफटका अवश्य करावा.

ही मंडळी मूळची शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारींना धार लावणे हा त्यांचा धंदा. इंग्रजांचे राज्य बसले, संस्थानिकांच्या फौजा गेल्या आणि हत्यारांचे काम संपले. तेव्हा, 1850 च्या सुमारास, त्यांच्यातल्या कसबी माणसांनी तंबोरे आणि सतारी दुरुस्त करायला आणि मग नव्या करायला घेतल्या. फरीदसाहेब हे या कामातले पहिले नाव मानले जाते. मिरज संस्थानच्या पटवर्धनांचा आश्रय होता, गवयांची ये-जा होती, म्हणून धंदा रुजला. एक धंदा बुडाला म्हणून हातावर हात धरून न बसता दुसरी विद्या हस्तगत करणारी ही कामगार माणसे. गिरण्या बंद पडल्यावर काय झाले हे ज्या घरांनी सोसले आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

काम पाहण्यासारखे असते. भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. हा भाजीचा भोपळा नव्हे, कडू आणि जाड सालीचा. तो चांगला वाळवायचा, मग भिजवून कापायचा, आतला गर आणि बिया काढायच्या, आकार धरावा म्हणून आतून काठ्यांचा टेकू द्यायचा आणि पुन्हा वाळवायचा. त्यावर लाकडाची तबली आणि दांडी बसते. लाकूड बहुधा तुणीचे. खुंट्या, नक्षी, पॉलिश हे सगळे हाताने. शेवटी सर्वांत नाजूक काम राहते ते जवारीचे. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा कानसीने इतका बेताने घासायचा की तार त्याला हलकेच लागत राहील आणि आवाजाला झुणझुण येईल. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून तो आवाज नेमका जागेवर आणतात. हे मोजमापाने होत नाही, कानाने होते. कितीतरी कारागीर स्वतः गात नाहीत, पण त्यांचा कान गवयापेक्षा कमी नसतो. जाहिरातीवर मात्र नाव येते गवयाचे.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. आता दुसरीकडे बनलेला माल मिरजेचा म्हणून खपवता येणार नाही. पण मानांकनाच्या कागदाने कारागिराच्या मुलाला या धंद्यात थांबवता येईल का, याची मला शंका वाटते. डबीएवढा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, पुढे तर मोबाइलमध्येच तंबोरा वाजू लागला. मोठे वाद्य रेल्वेतून सांभाळून नेण्यापेक्षा खिशातला तंबोरा गायकांनाही सोयीचा वाटतो. दिवसभर भोपळा घासून जे मिळते त्यापेक्षा कारखान्यात किंवा दुकानात नोकरी बरी, असा हिशेब तरुण मुले करतात. त्यांना दोष कसा द्यावा? जातीचा धंदा पुढच्या पिढीने सोडावा यासाठीच तर आपण लढलो. पण ही विद्या एखाद्या शाळेत, ज्याला आवड असेल त्या कोणत्याही मुला-मुलीला शिकायला मिळाली, तर ती जातीच्या बेडीतूनही सुटेल आणि मरणातूनही वाचेल. मिरजेत शिकून गेलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला संगीताची शाळा काढली आणि गुरूच्या घरी गडीकाम न करता गाणे शिकण्याची सोय केली. गाण्याचे झाले, तर वाद्य बनवण्याचे का होऊ नये?

नाटकाची आवड असलेल्यांनी बालगंधर्व नाट्यगृह पाहावे. पूर्वी तिथे हंसप्रभा थिएटर होते, आणि 1905 साली बालगंधर्वांनी शकुंतलेच्या भूमिकेत पहिले पाऊल टाकले ते तिथेच. शेजारच्या सांगलीत 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो, कारण 1843 साली विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ तिथे झाले. राजवाड्यात झालेला तो खेळ कष्टकऱ्यांनी पाहिला असेल असे वाटत नाही.

आपले नाटक वेगळ्याच जागी चालू होते. मिरज तालुक्यातच कवलापूर नावाचे गाव आहे. शिवा-संभा आणि पुढे काळू-बाळू यांचा तमाशा या गावचा. काळू आणि बाळू खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात दोघे सारख्या चेहऱ्याचे हवालदार होऊन येत आणि माणसे हसून हसून बेजार होत. दलित घरातल्या या भावांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रा वर्षानुवर्षे गाजवल्या. उन्हाळ्यात या भागातल्या गावोगावच्या जत्रांत अजूनही तमाशाचे फड लागतात. तंबू पूर्वीसारखे भरत नाहीत.

गावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिरजेचा गणेशोत्सव उंच स्वागत कमानींसाठी प्रसिद्ध आहे. 2009 च्या सप्टेंबरात अशाच एका कमानीवरील चित्रावरून दंगल पेटली आणि आजूबाजूच्या शहरांतही तिचे लोण गेले. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर, त्यांना संचारबंदीचा एकेक दिवस किती जड जातो हे वेगळे सांगायला नको. त्यानंतरही दर्ग्यात सभा भरली आणि हिंदू, मुसलमान श्रोते एका सतरंजीवर बसले. चिंचेखालच्या त्या बसण्याला मी म्हणूनच एवढे महत्त्व देतो.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. उरूस चांद्र महिन्याप्रमाणे येतो, म्हणून इंग्रजी तारीख दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. निघण्यापूर्वी मिरजेतल्या ओळखीच्या माणसाकडून तारीख आणि सभेची वेळ विचारून घ्यावी. स्टेशनावरून दर्ग्याकडे रिक्षा मिळते. लहान मुले असतील तर अंथरायला चादर आणि पांघरायला शाल बरोबर घ्यावी, भाकरी-चटणी बांधून न्यावी. पहिला राग संथ असतो, अर्धा-पाऊण तास चालतो, तेव्हा मुले कंटाळली तर त्यांना पाळण्याकडे एक फेरी मारून आणावी. तबल्याची लय वाढली की ती आपणहून बसतात. आणि सतारमेकर गल्लीत एखाद्या दुकानात काम चालू दिसले तर आधी विचारावे, मग आत जावे. हात स्वच्छ असतील आणि नीट विचारले असेल, तर मुलांना तंबोऱ्याच्या चार तारा एकदा छेडू देतातही.