सेल्फ जड का फिरतो

मलकापुरात हायवेलगत एकाची जुनी शक्तिमान उभी असते. लष्कराच्या लिलावातून निघालेली गाडी. मागची ट्रॉली काढून तिथे लोखंडी बूम आणि विंच बसवलेली. पलटी झालेला ट्रक उभा करायचा, खड्ड्यात गेलेली ट्रॅक्टर-ट्रॉली ओढायची, राजूर घाटात गिअरबॉक्स तुटलेली गाडी खाली आणायची, ही तिची कामं. जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली अशा डिस्पोजलच्या गाड्या बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल मला माया आहे, कारण लष्कराच्या ईएमई या दुरुस्ती शाखेत व्हेइकल मेकॅनिक म्हणून उभा राहिलो तो याच गाडीवर. जर्मनीच्या मॅन कंपनीकडून परवाना घेऊन १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत ती बनू लागली. पुढे १९६९ मध्ये जबलपुरातच वेगळी व्हेइकल फॅक्टरी झाली आणि शक्तिमान तिथून निघू लागली. स्टॅलियन आणि टाटाच्या गाड्या आल्यावर ती पलटणीतून उतरली, पण चारही चाकांना ताकद देणारी ती जड चासी क्रेनवाल्यांना अजून हवी असते.

मालकाची तक्रार साधी होती. सेल्फ घेतो, पण जड घेतो. किल्ली फिरवली की इंजिन एक वळसा ओढून घेतं, थबकतं, पुन्हा ओढतं. सकाळच्या गारठ्यात तर सुरूच होत नाही. ड्रायव्हर पोरगा रोज गाडी उतारावर लावायचा आणि ढकलस्टार्ट करायचा. उतार नसेल तिथे इंजिन बंदच करायचा नाही. क्रेनचा फोन केव्हाही येतो, आणि गाडी सुरू झाली नाही तर काम दुसऱ्याकडे जातं. म्हणून दिवसभर उभ्या गाडीत डिझेल जळत राहायचं.

मी पोचेपर्यंत खर्च बराच झाला होता. दोन्ही बॅटऱ्या नव्या. सेल्फ उतरवून त्याचं आर्मेचर रिवाइंड केलेलं, कार्बन बदललेले. आता कुणीतरी सांगितलं होतं की इंजिन आतून धरतंय, खोलावं लागेल. हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. सहा सिलिंडरचं जुनं इंजिन खोलायचं म्हणजे त्या माणसाचा हंगाम गेला. इंजिन धरतंय की नाही हे पाहायला ते खोलावं लागत नाही. गाडी न्यूट्रल करून पुढच्या पुलीच्या नटाला पाना आणि लांब पाइप लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. कॉम्प्रेशनला जोर लागत होता, तो सुटला की मोकळं फिरत होतं. खरखर नाही, अडकणं नाही. डिपस्टिक ओढून ऑइल बघितलं. पातळी बरोबर, वास डिझेलचा नाही. इंजिनाचा विषय तिथे संपला.

बॅटऱ्यांचं पाणी हायड्रोमीटरने सेलगणिक पाहिलं. सगळे सेल १.२५०च्या आसपास, एकमेकांच्या जवळ. म्हणजे बॅटऱ्या ठणठणीत. ड्रायव्हर म्हणाला, "काका, लाइट तं चकाचक लागते. मंग करंट कुठं जाते?"

या प्रश्नातच सगळं होतं. हेडलाइटची जोडी पाच-सहा अँपिअर घेते. असं इंजिन फिरवताना सेल्फ तीनशे-चारशे घेतो. रस्त्यात कुठे ०.०१ ओहमचा अडथळा असेल तर सहा अँपिअरला तो ०.०६ व्होल्ट खातो, डोळ्याला काही कळत नाही. चारशे अँपिअरला तोच अडथळा चार व्होल्ट खातो. अर्धवट बंद वॉल्व्हवर ठिबक व्यवस्थित चालतं, पाट भरायला घेतला की कळतं, तसं हे आहे. मीटर बीप वाजवतो म्हणून वायर चांगली, असं समजणारे मिस्तरी बरेच भेटतात. साध्या मल्टिमीटरला ०.०१ ओहम दिसतच नाही. त्याच्या स्वतःच्या तारांचा अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून सेल्फचा रस्ता मोजायचा तो सेल्फ फिरत असताना, आणि ओहम नाही, व्होल्ट मोजायचे.

डिझेल इंजिन सुरू व्हायला ते वेगाने का फिरावं लागतं, हेही मालकाला सांगितलं, कारण त्याला वाटत होतं की जड का होईना, फिरतंय ना. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन ती इतकी तापते की फवारा पडताच डिझेल पेटतं. पिस्टन सावकाश वर आला तर तेवढ्या वेळात हवा रिंगांजवळून निसटते आणि उष्णता गार भिंतींना जाते. इंजिन धडधाकट असूनही पेट घेत नाही. थंडीत तर जास्तच, कारण ऑइल घट्ट असतं आणि बॅटरीही मंदावते.

मग मोजायला बसलो. इंजिन सुरू होऊ नये म्हणून ड्रायव्हरला स्टॉपची नॉब ओढून धरायला सांगितली आणि "मार सेल्फ" म्हणालो. बॅटरीच्या दोन टोकांच्या खुंट्यांवर आधी २५.२ व्होल्ट होते, सेल्फ फिरताना २२ वर थांबले. हे चांगलं. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या स्टडवर धरली: ०.७. ठीक. मग एक तार सेल्फच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. ४.१. पोरगा खाली वाकून बघत होता. दोन्हीकडे निगेटिव्हच असताना मीटर आकडा दाखवतो याचं त्याला नवल वाटलं. नवल नाहीच. करंट सेल्फपर्यंत जातो तेवढाच परत यायला हवा आणि परतीचा रस्ता म्हणजे अर्धं सर्किट आहे. जाण्याच्या वायरीला लोक जपतात, येण्याच्या वायरीला 'बॉडी अर्थ' म्हणून सोडून देतात. २२ मधून ०.७ आणि ४.१ वजा केले की सेल्फला मिळत होते १७.२ व्होल्ट. एवढ्यावर त्याने धापा टाकणं साहजिक होतं.

"काका, हे पाहा ना," पोरगा कॅबिनमधून म्हणाला. स्टॉपची केबल हाताला गरम लागत होती. ती एका टोकाला कॅबिनला आणि दुसऱ्या टोकाला इंजिनावरच्या पंपाला जोडलेली. तिच्यातून करंट वाहायचं कारणच नाही. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. चासी आणि इंजिन यांच्यात तांब्याची विणलेली पट्टी नसेल तर करंट मिळेल त्या लोखंडातून परततो: स्टॉपची केबल, क्लचचा दांडा, सायलेन्सरचा क्लॅम्प, प्रॉपेलर शाफ्ट. शाफ्टच्या बेअरिंगमधून असा करंट गेला तर गोळ्यांना बारीक खड्डे पडतात, ही वेगळी किंमत.

गाडीखाली गेलो. बेलहाउसिंगच्या बाजूला पट्टीची जागा होती, बोल्ट होता, पट्टी नव्हती. आधी केव्हातरी क्लचचं काम झालं होतं. काढलेली पट्टी परत चढलीच नव्हती. तिथेच २.८ व्होल्ट मरत होते. उरलेले १.३ बॅटरीच्या पेटीपासून चासीपर्यंत. गाडी क्रेन झाली तेव्हा चासीला जाड पिवळा रंग दिला होता आणि अर्थची लग त्या रंगावरच कसली होती. वायरही बारीक, अ‍ॅल्युमिनियमची. सेल्फला लागणारा करंट त्या वायरीने न्यायचा हा विचारच चुकीचा होता.

बॅटऱ्या आधी का गेल्या असाव्यात, तेही इथे उलगडलं. अल्टरनेटर इंजिनावर बसतो. त्याचाही परतीचा रस्ता हाच. म्हणजे बॅटऱ्या रोज थोड्या कमी भरत होत्या, आणि त्याच बॅटऱ्यांना रोज जास्त वेळ सेल्फ फिरवावा लागत होता.

काम दुपारी केलं. बाजारातून ७० स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल आणली. आतली तार खरवडून तांबंच आहे ना हे दुकानातच बघून घेतलं, कारण दिसायला तशीच अ‍ॅल्युमिनियमचीही मिळते. तांब्याच्या लग प्रेसने दाबून वर शिसं ओढलं. चासीवर लगच्या रुंदीएवढा रंग घासून लोखंड पांढरं केलं, बोल्ट घट्ट केला आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावली. आधी जेली आणि मग बोल्ट, असं करणारेही असतात; माझी पद्धत ती नाही. बॅटरीच्या खुंट्यांवरची हिरवट-पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. इंजिन ते चासी नवी पट्टी टाकली, आणि त्याशिवाय बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक केबल थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टाला नेली. मालकाला ती जादा वाटली. मला वाटत नाही. हेलकावे खाणाऱ्या क्रेनला परतीचे दोन रस्ते असलेले बरे.

पुन्हा स्टॉप ओढून सेल्फ मारला. परतीच्या बाजूला ०.३, जाण्याच्या बाजूला, खुंट्या साफ झाल्यामुळे, ०.५. सेल्फला एकवीसच्या वर व्होल्ट. इंजिन थबकायचं थांबलं, एकसारखं फिरू लागलं. नॉब सोडली तसं ते लगेच धडधडलं. पोरग्याला मीटर हातात दिला आणि चारही जागांवर त्याच्याकडून एकदा मोजून घेतलं. आकडे पेटीच्या झाकणाच्या आतून ऑइलपेंटने लिहायला लावले, म्हणजे पुढच्या थंडीत ताडून बघता येतील.

निघताना मालकाने दुसरी गाडी दाखवली, तीही डिस्पोजलचीच. तिचा सेल्फ सकाळी चांगला आणि घाट चढून आल्यावर जड. हिचं दुखणं उलटं. वायरींवर व्होल्ट कुठे मरत नव्हते, पण सेल्फला जास्त करंट जात असल्यासारखं बॅटरी खाली बसत होती. म्हणून सेल्फ उतरवला. मागचा बुश इतका झिजला होता की आर्मेचर एका बाजूला कलून पोल शूला घासत होतं; पत्र्यांवर चकचकीत पट्टा उमटलेला. तापलं की घासणं वाढायचं. त्या मापाचा तयार बुश कुठे मिळाला नाही. लेथवाल्याकडे गनमेटलचा तुकडा देऊन तो बनवून घेतला, आणि ऑइल लावून बसवला.