नगरचे रणगाडे

नगरच्या रणगाडा संग्रहालयात आज पॅटन रणगाड्यापुढे बराच वेळ थांबलो. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या उसात, पाणी सोडून चिखल केलेल्या रानात पाकिस्तानचे असे कितीतरी पॅटन रुतले आणि आपल्या तोफांच्या तोंडी सापडले. आपला सेंच्युरियन त्याच्याहून जुना. फरक पाडला तो नेमबाजीच्या सरावानं, असं मला ठाम वाटतं. आणि तो सराव घडवणारं गाव हेच.

इंग्रजांच्या काळात इथे मशिनगन आणि चिलखती गाड्यांचं शिक्षण चाले. मग घोडदळाचे घोडे गेले, रणगाडे आले. १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं.

मला राहून राहून आठवतात ते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. १९७१ च्या जूनमध्ये पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये दाखल झाले, इथे कोर्सला आले आणि युद्ध पेटताच कोर्स अर्धवट टाकून आघाडीवर गेले. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला. मागे फिरायचा हुकूम आला. तोफ अजून चालतेय, असं कळवून ते लढतच राहिले. वय अवघं एकवीस! परमवीरचक्र मिळालं, मरणोत्तर.

आता आभाळातून ड्रोन येतात. रणगाड्याचे दिवस भरले, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. जमीन ताब्यात घ्यायची तर कुणालातरी चिलखतात बसून पुढे जावंच लागतं. इथलं शिकवणं मात्र बदलायला हवं, तेही लवकर.