चौथा पाव भरणारी माणसे

कंपनीतले प्रशिक्षण आणि नेतृत्वविकास पाहणाऱ्या खात्याला उद्योगात ‘एल अँड डी’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते एचआरच्या पोटातच असते. त्यात येणाऱ्याच्या वाट्याला लगेच शिकवणे येत नाही. आधी वर्षाचे ट्रेनिंग कॅलेंडर, मग खातेप्रमुखांच्या मागे लागून नॉमिनेशन मिळवणे, हजेरी, प्रोजेक्टर, चहा-बिस्किटे आणि शेवटी फीडबॅक फॉर्म. ही हमाली वाटते खरी. पण कोणता खातेप्रमुख कामाचा माणूस पाठवतो आणि कोणता रिकामा बसलेला, हे याच काळात कळते. वर्गात उभे राहणे आणि कार्यक्रमांची आखणी त्यानंतर येते. उद्या कोणाच्या जागी कोण, हा नेतृत्वविकासाचा प्रश्न तर फार उशिरा हाती लागतो.

मावळातले तळेगाव दाभाडे हे या कामाचे जुने गाव. माणशी वर्षाला एक पैसा, अशा वर्गणीतून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांचे त्याला पाठबळ होते. या फंडाने १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना काढला. जपानात आणि पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची तांत्रिक बाजू सांभाळली. माल काढण्याइतकेच देशी तरुणांना काचकाम शिकवणे, हाही या कारखान्याचा हेतू होता. इथे तयार झालेली माणसे इतरत्र गेली; खुद्द वार्ष्णेयांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोईला स्वतःचा काच कारखाना काढला. आजच्या आढावा बैठकीत ही हकिकत ‘ॲट्रिशन’च्या, म्हणजे सोडून गेलेल्या माणसांच्या, स्लाइडवर लाल रंगात दिसेल. पैसा फंडाच्या वहीत मात्र ती जमेला धरायची गोष्ट होती.

आज याच मावळात एमआयडीसी आहे आणि घाटमाथ्यावर लोणावळ्यात लार्सन अँड टुब्रोची नेतृत्वविकास अकादमी. टाटा समूहाने पुण्यात व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्र १९६६ मध्येच काढले. वरच्या अधिकाऱ्यांची सोय अशी चांगली झाली. पण कंपन्यांत सर्वांत कमी तयारीनिशी नेता होतो तो शिफ्ट सुपरव्हायझर. कालपर्यंत बरोबर डबा खाणाऱ्यांना आज त्याला ओव्हरटाइमला थांबा म्हणायचे असते, रजा नाकारायची असते. काम येते म्हणून बढती मिळालेली असते, काम करून घेणे कोणी शिकवलेले नसते. त्याच्यासाठी वर्षाकाठी दोन तासांचे सत्र, तेही शिफ्ट संपल्यावर, जांभया देत. ही उतरंड उलटी आहे.

शॉप फ्लोअरवर भिंतीला ‘स्किल मॅट्रिक्स’ लावलेला असतो. उभ्या रकान्यात नावे, आडव्यात कामे, आणि प्रत्येक चौकटीत चार पाव केलेले वर्तुळ. एक पाव भरला की माणसाला कामाची माहिती आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकट्याने करतो, चारही भरले की दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या दिवशी चौथे पाव घाईने रंगवले जातात, हे त्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही नेतृत्वविकासाची इतकी साधी आणि नेमकी मोजणी दुसरी नाही.

अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणे, वागणूक, परिणाम. फीडबॅक फॉर्म पहिलीच मोजतो. जेवण चांगले असले की गुणही चांगले पडतात. तिसरी पायरी वर्गाबाहेर असते आणि तिची किल्ली असते शिकून आलेल्याच्या साहेबाकडे. सोमवारी तो “झाली का पिकनिक?” म्हणाला, की तीन दिवसांचे शिकणे संपले. म्हणून मुरलेला प्रशिक्षक आधी साहेबाला भेटतो, परतल्यावर या माणसाला कोणते काम देणार ते विचारतो, आणि उत्तर नसेल तर नॉमिनेशन परत करतो. हे करायला धाडस लागते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते जमत नाही.

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले. पुढे तो ह्युंदाईने घेतला. असा कारखाना विकला जातो तेव्हा इमारत आणि यंत्रांची किंमत ठरते, कामगारांच्या हातातल्या कसबाची कोणी नोंद करत नाही. मंदीत बजेटची पहिली कात्री प्रशिक्षणावर चालते, त्याचेही कारण हेच. तेव्हा टेबलावर फीडबॅक फॉर्मचा गठ्ठा ठेवून उपयोग नसतो. सहा महिन्यांत कोणी कोणाला तयार केले, याची नावानिशी यादी असेल तर खाते वाचते.