धारूरच्या डोंगरावरून इंडोनेशिया

सौदी अरेबियात तयार झालेला एक छोटा उपग्रह 20 डिसेंबर 2002 ला बैकानूरहून अवकाशात गेला. हॅम मंडळी त्याला एसओ-50 म्हणतात. बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल, पण बीड जिल्ह्यातल्या तेलगावात, मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानाच्या पत्र्यावरून तो वापरला जातो. दुकान माझं आहे. आमच्या चौकातून चार रस्ते फुटतात. एक वडवणीवरून बीडला, एक माजलगावला, एक सिरसाळ्यावरून परळीला आणि एक घाट चढून धारूरला. उपग्रह कुठून उगवणार नि कुठे मावळणार हे मोबाइलवरचं अ‍ॅप अंशांत सांगतं. माझ्या डोक्यात मात्र ते रस्त्यांच्याच हिशोबाने बसतं. वडवणी आणि माजलगाव यांच्या मधून वर आला, परळीकडे उतरला.

हॅम म्हणजे परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा असते. वयाची बारा वर्षं पुरी झालेल्या कुणालाही ती देता येते. श्रेणी दोन, आणि खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही. माझा संकेत व्हीयू3 ने सुरू होतो, म्हणजे मी खालच्या श्रेणीतला. या नादाला लावलं ते माझ्या एका गिऱ्हाइकाने. तारखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, शेतातली सबमर्सिबल जळाली म्हणून आले होते. मी वेढे मोजत बसलेलो. बराच वेळ बघत राहिले नि म्हणाले, "एवढं बिनचूक मोजतोस, तर रेडिओ का शिकत नाहीस?" 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी आपापले सेट घेऊन तिथे निरोप पोचवायला गेली होती, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी त्यांना गुरुजी म्हणतो.

गुरुजी भाग्यवान, कारण त्यांना हॅमसॅट मिळाला. 5 मे 2005 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी6 ने कार्टोसॅट-1 बरोबर हा 42.5 किलोचा उपग्रह सोडला. खास हॅमसाठी इस्रोने बनवलेला तो पहिलाच. त्यात खालचा आवाज पकडून परत खाली पाठवणारे दोन ट्रान्सपॉन्डर होते, एक आपल्या लोकांनी केलेला आणि दुसरा हॉलंडच्या एका विद्यार्थ्याने. अपेक्षा दोन वर्षांची होती, चालला नऊ. 2014 च्या जुलैत बॅटरी गेली नि तो गप्प झाला. माझा परवाना आला त्यानंतर. गुरुजींनी त्याच्यावरची बोलणी कॅसेटवर भरून ठेवली आहेत. वेगवेगळ्या देशांतले आवाज, मागे सतत शिट्टीसारखा सरकणारा सूर आणि मधूनच गुरुजींच्या घरातली कुकरची शिट्टी. ती कॅसेट ऐकून मला आनंद होतो आणि रागही येतो. नऊ वर्षं जगभरच्या लोकांनी आपला उपग्रह वापरला, आणि तेवढा टिकणारा, सगळ्यांना खुला असा दुसरा आपण अजून वर ठेवलेला नाही. रॉकेटं तर दरवर्षी जातात. पन्नासेक किलोची जागा काही फार नव्हे.

एसओ-50 साठी फार पैसे लागत नाहीत. हातात धरायचे दोन सेट, एक बोलायला नि एक ऐकायला, आणि अँटेना. ती मी दुकानातच केली. पाऊण इंची पीव्हीसी पाइप आणि हार्डवेअरच्या दुकानातली पोलादी मोजपट्टी, बस. 145 मेगाहर्ट्झसाठी जवळजवळ मीटरभर लांबीचे तुकडे लागतात, 436 साठी साधारण फूटभराचे. डाग द्यायच्या जागेवरचा पट्टीचा पिवळा रंग पॉलिश पेपरने पार खरवडून काढावा लागतो, नाही तर डाग बसत नाही. पोलाद डाग लवकर धरत नाही. तांब्याच्या तारेची सवय असलेल्या हाताला ते चिडवतं. पण पट्टीचा फायदा असा की अँटेना दारातून नेताना कुठे अडकली तर तुकडे वाकतात आणि पुन्हा ताठ उभे राहतात. बाकी जागेवरचे आकडे पुसले न गेल्यामुळे माझ्या अँटेनावर अजून सेंटिमीटर वाचता येतात. शेजारच्या सुताराने एकदा तिच्यावर फळी मोजून घेतली.

आता प्रत्यक्ष कसं चालतं ते सांगतो. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो. डोक्यावरून गेला तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा मिनिटांचा खेळ. त्याचा ट्रान्समीटर पाव वॉटचा. क्षितिजावर असतो तेव्हा अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून पाव वॉट ऐकायचा. म्हणून अँटेना धरून उभं राहायचं आणि मनगट फिरवत राहायचं. उपग्रह गरगरत असतो, त्यामुळे आडवी धरलेली अँटेना मधूनच बहिरी होते आणि उभी केली की आवाज परत येतो. वेगामुळे त्याची फ्रिक्वेन्सीही सरकते. जवळ येताना 436.805 वर ऐकू येतो, माथ्यावर 436.795 आणि उतरताना 436.785. मी सेटमध्ये पाच चॅनेल भरून ठेवलेत, अंगठ्याने एकेक खाली उतरत जातो. सुरुवातीची मिनिटं पहिल्या दोन चॅनेलांवर निघतात. माथ्यावर मात्र आकडे भराभर बदलतात आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना बोलायची घाई असते. बोलायचं 145.850 वर, 67 हर्ट्झचा सूर जोडून. उपग्रह झोपलेला असेल तर आधी 74.4 हर्ट्झचा सूर देऊन जागं करायचं, मग तो दहा मिनिटं चालू राहतो. आणखी एक भानगड म्हणजे, बोलायच्या सेटचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर, ऐकायच्या सेटच्या फ्रिक्वेन्सीजवळ पडतो आणि बटन दाबलं की कानातला आवाज दबतो. त्यामुळे दोन सेट एकमेकांपासून जमेल तेवढे लांब ठेवावे लागतात. मी ऐकायचा सेट अँटेनाच्या दांडीला बांधतो आणि बोलायचा कमरेला.

लोक विचारतात, बोलता काय? खरं उत्तर दिलं तर त्यांची निराशा होते. आपला संकेत सांगायचा, आपल्या भागाचा चौकोन सांगायचा (जगाच्या नकाशाचे अक्षर-आकडे घालून चौकोन पाडलेत, आमचा 'एमके'ने सुरू होतो), समोरच्याचा ऐकू आला म्हणायचं, 'सेव्हंटी थ्री' म्हणजे शुभेच्छा, आणि बटन सोडायचं. हवापाणी नाही, भाव नाही, धंद्याचं तर कायद्यानेच बोलता येत नाही. एका वेळी एकाच माणसाचा आवाज वर जातो, आणि त्याच वेळी खाली आखातापासून थायलंडपर्यंत कोणी ना कोणी थांबलेलं असतं. त्यामुळे वीस सेकंदांपेक्षा जास्त बोलणारा माणूस मला रांगेत घुसणाऱ्या माणसाइतकाच खुपतो. या थोडक्या बोलण्यातच मला मजा वाटते. बातमी एवढीच असते की माझा आवाज पोचला आणि तुझा आला.

एका हंगामात कारखान्यावर ऊस घेऊन आलेला एक बैलगाडीवाला आमच्या पत्र्याखाली बिडी ओढत बसला होता. लोकनेते सुंदरराव सोळंके कारखान्याचं गाळप चालू असलं की रात्रभर चौकात गाड्या नि ट्रॅक्टर असतात. मी अँटेना फिरवायला लागल्यावर तो वर चढून आला.

"काय हुडकायलाव आभाळात?"

"उपग्रह आहे बाबा. त्याच्यावरून बोलायचंय."

"कुणाशी?"

मी इअरफोनची एक बाजू त्याच्या कानाला लावली. इंडोनेशियातला एक जण चौकोन सांगत होता. गाडीवाला लक्ष देऊन ऐकत राहिला आणि म्हणाला, "तिकडं ऊस असतोय का, इचारा की." मी विचारलं नाही. मागे दोघं-तिघं ताटकळले होते, उपग्रह परळीकडे झुकला होता. जावा बेटावर ऊस भरपूर होतो, एवढं मला ठाऊक होतं, ते सांगितलं. "मंग तोडणी कोण करतंय?" हा त्याचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, उपग्रहावर ते मिळण्यासारखंही नव्हतं.

तो आवाज आला होता आयओ-86 वरून. हा इंडोनेशियाचा उपग्रह, पण गेला आपल्या श्रीहरिकोट्याहून, 28 सप्टेंबर 2015 ला, ॲस्ट्रोसॅटबरोबर. त्याची कक्षा जवळजवळ विषुववृत्तावरून, कल फक्त सहा अंशांचा. त्यामुळे तो आमच्या डोक्यावर कधीच येत नाही. रोज पुन्हा पुन्हा येतो, पण नेहमी दक्षिणेकडून, पश्चिमेकडून पूर्वेकडे, क्षितिजापासून फार तर पंधरा-सोळा अंश उंच. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, म्हणजे दीड मुठीचा मामला. आणि आमच्या दक्षिणेला काय, तर बालाघाटचा डोंगर, धारूरचा घाट. मुंबईच्या माणसाला इमारती आडव्या येतात, मला धारूर. खालून गेला तर डोंगराआड सगळा पास बुडतो, वरून गेला तर जणू घाटाच्या कडेकडेने चालत जातो. मी एकदा घाटात वर जाऊन सेट लावला तेव्हा क्षितिजालगतचे दूरचे संकेतही ऐकू आले. पण घाटात ट्रकवाले थांबून काय झालं म्हणून विचारतात, त्यामुळे पत्राच बरा.

लाइट गेली की आमच्याकडे सगळे वैतागतात. मी सेट काढतो. एलईडी दिवे, चार्जर, मोटारींचे स्टार्टर या सगळ्यांची भणभण रेडिओत भरलेली असते. ती एकदम थांबते आणि पाव वॉटचा आवाज स्वच्छ येतो. बायको म्हणते, तालुक्यात लोडशेडिंगची वाट बघणारा हा एकच माणूस.

2025 च्या जुलैत अंतराळवीर शुभांशू शुक्लांनी अवकाश स्थानकावरून हॅम रेडिओवर विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या, तेव्हापासून शाळेतली पोरं दुकानात येतात. स्थानकावर सप्टेंबर 2020 पासून रिपीटर आहे, चालू असला की आवाज इतका दणदणीत येतो की अँटेना पोरांच्या हातात दिली तरी चालते. त्यांना मी 'स्वयम्'ची गोष्ट सांगतो. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभराचाही नसलेला उपग्रह, 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 ने गेला. हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर निरोप साठवून पुढे द्यायचा असा त्याचा बेत होता, आणि दिशा धरायला त्यात इंजिन वगैरे काही नव्हतं, चुंबक होतं. हे ऐकल्यावर पोरांच्या डोळ्यांत जे येतं ते एसओ-50 बद्दल सांगून येत नाही. पुणे त्यांनी पाहिलेलं असतं. मला स्वतःला मात्र एओ-7 जास्त आवडतो. 1974 च्या नोव्हेंबरात सोडलेला, 1981 मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन बंद पडलेला. 2002 मध्ये तीच शॉर्ट झालेली बॅटरी आतून तुटली, अडथळा गेला, आणि सौरपट्ट्यांवर उपग्रह परत बोलायला लागला. ऊन असेल तोवर चालतो, सावलीत गेला की बंद. जळालेल्या मोटारी रोज उघडणाऱ्या माणसाला असा दोष आपोआप सुटलेला बघून हेवा वाटणारच.

सध्या माझं काम चाललंय ते क्यूओ-100 चं. 2018 मध्ये गेलेला कतारचा उपग्रह, त्यावर हॅमसाठी जागा आहे, आणि तो पळत नाही. 25.9 अंश पूर्वेला स्थिर. हॅमसाठी भूस्थिर कक्षेतला हा पहिलाच. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा भाग त्याला दिसतो, त्यात तेलगाव आलंच. बोलायचा विचार नाही, फक्त ऐकायचं. त्याला डीटीएचची जुनी डिश आणि तिचाच एलएनबी पुरतो, पुढे संगणकाला लावायचा एक डोंगल. गावातल्या सगळ्या फ्री डिशची तोंडं आग्नेयेकडे, 93.5 अंशांवर. माझी वडवणीच्या रस्त्याच्या थोडी डावीकडे, जमिनीपासून तीस अंश वर. केबलवाल्या पोराने खालूनच आवाज दिला, "काका, डिश उलटी बसलीय, एकही चॅनल लागायचं नाही." दुपारी पत्रा तापला की एलएनबीची फ्रिक्वेन्सी सरकते आणि माणसाचा आवाज बदकासारखा होतो, तेव्हा उपग्रहाचा खुणेचा सूर (बीकन) धरून सतत मागे मागे जावं लागतं. रात्री अकरानंतर पत्रा गार होतो आणि युरोपातली माणसं कामावरून घरी आलेली असतात. ती तिथे निवांत गप्पा मारतात, अर्धा अर्धा तास, कुणाला घाई नाही. अजून एक नटबोल्ट ढिला आहे, वारा आला की डिश हलते. तो उद्या आवळायचा.