खिशातला तंबोरा

पाचगणीत मोबाइल नसलेली मुलं अजून भेटतात. इथल्या अनेक निवासी शाळांत मुलांना स्वतःजवळ मोबाइल ठेवता येत नाही. रविवारी ठरलेल्या वेळी वसतिगृहाच्या फोनवरून घरी बोलायचं, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत घर आठवायचं. मी अशाच एका शाळेत मुलींच्या वसतिगृहाचं काम पाहते. नियम कडक आहे आणि मला तो मान्य आहे. त्याबद्दल माझं मत कधीच बदललं नाही.

बदललं ते एका लहानशा यंत्राबद्दल. मोबाइल नाही म्हटल्यावर गाणी ऐकायला मुलींनी जी वाट काढली, ती म्हणजे साधा, स्वस्त एमपीथ्री प्लेअर. दीड-दोन हजारांत मिळणारा, कपड्याला अडकवायची क्लिप असलेला, बोटाच्या पेराएवढा पडदा आणि चार-पाच बटणं असलेला. त्याला कॅमेरा नाही, इंटरनेट नाही, त्यावरून कुणाला निरोप धाडता येत नाही. त्यामुळे मोबाइलच्या नियमात तो बसत नव्हता. तो बसवावा, म्हणजे तोही बंद करावा, असं शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यांत आग्रहानं मीच मांडत असे. आज मी त्याच बैठकीत त्याच्या बाजूनं बोलते. सहकाऱ्यांना याचं आश्चर्य वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझ्या विरोधाला कारणं होती आणि ती आजही मला क्षुल्लक वाटत नाहीत. गाणं ही चारचौघांत करायची गोष्ट आहे, अशी माझी श्रद्धा. पाचगणीहून वाईकडे उतरताना घाटाच्या पायथ्याशी पसरणी लागतं. शाहीर साबळे तिथले, जन्म १९२३चा. त्यांच्या आवाजात घराघरांत पोचलेलं गीत २०२३ मध्ये महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. शाहिराला समोर माणसं लागतात, झीलकरी लागतात. कानात वायर खुपसून पोवाडा ऐकायचा, ही कल्पनाच मला सोसत नसे. वर गावात यायचं, तर सेंट पीटर्स शाळेत १९५८च्या सुमाराला फारुख बलसारा नावाच्या मुलानं आणखी चार मित्रांना घेऊन 'द हेक्टिक्स' हा वाद्यवृंद काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते वाजवत, आणि फारुख पियानोवर असे. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. बैठकीत मी हा दाखला हमखास देत असे. त्या पाच मुलांना एकेक प्लेअर दिला असता, तर ती एका खोलीत जमली असती का, असं मी विचारायची.

दुसरं कारण जास्त खोलवरचं होतं. जूनमध्ये नवी मुलगी येते, अकरा-बारा वर्षांची. बाहेर पाऊस, खिडकीशी धुकं टेकलेलं, सिल्व्हर ओकच्या झाडांतून पाणी ठिबकत असतं. गादीला, उशीला, वहीच्या पानांना ओल आलेली असते. त्या दिवसांत तिला रडू येतं, आणि ते यावंच. शेजारच्या पलंगावरची मुलगी उठून येते, "काय झालं गं?" विचारते, आणि कित्येक जन्माच्या मैत्रिणी अशाच जुळतात. पण कानात वायर असलेल्या मुलीला कुणी काही विचारायला जात नाही. ती रडते आहे की गाणं ऐकते आहे, हेच कळत नाही. माझा त्या यंत्रावरचा राग मुळात इथला.

मग मिरजेची एक मुलगी आली. गाणं शिकलेली. पहाटे, पीटीची घंटा व्हायच्या बरीच आधी, ती पलंगावर मांडी घालून, डोळे मिटून, कानात प्लेअर लावून बसलेली दिसायची. उठल्याबरोबर गाणी लागतात म्हणजे सवय हाताबाहेर गेली, असं समजून मी तिच्याकडे हात पुढे केला. तिनं प्लेअर दिला नाही. एका कानातलं काढून माझ्या हातावर ठेवलं. "ऐका ना मॅडम."

गाणं नव्हतंच. तंबोरा होता. काळी चारमध्ये लावलेला, एकसारखा, न थांबणारा.

मी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमेपर्यंत दिल्या आहेत. नंतर नोकरीत गाणं मागे पडलं, पण तंबोऱ्याची जवारी मला अजून कळते. हा नुसता सूर नव्हता, एका विशिष्ट वाद्याचा आवाज होता. पंचमाच्या तारेत किंचित खर होती, खर्ज मात्र गोल होता. तो तिच्या घरचा तंबोरा होता. तिच्या वडिलांनी घरातच वाजवून, रेकॉर्ड करून तिला सोबत दिला होता. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या झाल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरकडून येणारा भोपळा वाळवून, त्याला गळा आणि दांडी जोडून, घोडीवर जवारी काढेपर्यंत कारागिराचा जीव त्यात गेलेला असतो. असं वाद्य पाचगणीच्या पावसाळ्यात वसतिगृहात ठेवायचं म्हणजे त्याच्यावर अन्याय. ओल लाकडात शिरते, भोपळ्याला बुरशी धरते. वडिलांनी वाद्य घरीच ठेवलं आणि त्याचा आवाज वर पाठवला.

आमच्या संगीताच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे. मी तिला तो वापरायला सांगितलं. ती दुपारच्या तासाला तो वापरतच होती. पहाटेची गोष्ट वेगळी होती. डॉर्मिटरीत बाकीच्या झोपलेल्या, तोंडानं सूर लावता येत नाही. म्हणून ती फक्त ऐकत होती, मनात षड्ज धरत होती. माझ्या गुरुजींनी हेच सांगितलं होतं, आधी ऐक, मग लाव. ते मी केलं नव्हतं. ही मुलगी दीड हजाराच्या डबीतून करत होती.

माझं मत त्या पहाटे बदललं असं मात्र झालं नाही. एका गुणी मुलीवरून नियम ठरत नसतो. पण प्लेअर बंद करा म्हणणं मी थांबवलं आणि स्वतःसाठी तसाच एक घेतला. ज्यावर बंदी मागायची ती वस्तू आपण कधी वापरलेलीच नाही, हे मला बरं वाटेना.

वापरू लागल्यावर आधी त्याची गैरसोयच जाणवली. देवनागरीत लिहिलेली गाण्यांची नावं पडद्यावर चौकोन होऊन येतात, म्हणून सगळी नावं संगणकावर बसून रोमन लिपीत पुन्हा लिहावी लागली. गाण्यांचा क्रम फाइलमधल्या नोंदींप्रमाणे लागतो. त्या नोंदी धड नसल्या की विलंबित ख्यालाच्या आधी द्रुत वाजतो. एफएम ऐकायचं तर कानातल्याची वायरच एरियल होते. ती काढली की सातारा आकाशवाणी खरखरीत बुडते.

आणि आवाजाचा दर्जा. इथं मी बरंच वाचलं, कारण हा मला पोटतिडकीचा विषय वाटला. सीडीवरचं तासाभराचं संगीत साधारण ६३५ एमबी जागा घेतं. तेच १२८च्या बिटरेटनं एमपीथ्री केलं की ५८ एमबीच्या आत येतं. मधलं जे जातं, ते कानाला ऐकू येणार नाही असा हिशेब करून काढलेलं असतं. मोठ्या आवाजाआड त्याच्या शेजारचा बारीक आवाज आपल्याला जाणवत नाही, त्यावर हे सगळं तंत्र उभं आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी हे काम करत होते, तेव्हा कसोटीला त्यांनी सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' घेतलं, म्हणजे साथीशिवाय गायलेला एका बाईचा आवाज. वाद्यमेळाच्या गर्दीत खपून जाणारी खोट एकट्या गळ्यात लपत नाही. तंबोऱ्याचंही तसंच आहे. जवारी म्हणजे मूळ स्वरावर चढत जाणाऱ्या स्वयंभू स्वरांची दाटी. फाइल फार आवळली की आधी तीच विरते. ६४च्या बिटरेटनं केलेला तंबोरा मी ऐकला आहे, पाणी घातलेल्या दुधासारखा. २५६ वर ठेवला तर तासाला ११५ एमबी लागतात आणि साध्या प्लेअरवरही जवारी बऱ्यापैकी टिकते. आठ जीबीत असे कितीतरी तास मावतात. स्वस्त यंत्र म्हणजे हलका आवाज, हा माझा समज इथं गळून पडला. हलकेपणा येतो तो बहुतेकदा फाइलमधून आणि फुकटच्या कानातल्यांमधून.

मग मी त्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या भरल्या. खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले, मिरजेच्या दर्ग्यातच त्यांना मूठमाती मिळाली. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो, त्यामुळे ही मुद्रणं केव्हाच सर्वांची झाली आहेत. एकेक तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची. मोबाइलवर त्या मी आधीही ऐकल्या होत्या. पण मोबाइलवर झिंझोटीची ठुमरी संपायच्या आत निरोप येतो, खाली दुसरीच चित्रं खुणावू लागतात, आणि गाणं संपताच यंत्र स्वतःच्या मर्जीनं तिसरंच काही लावतं. प्लेअरवर ठुमरी संपली की पुढे शांतता, किंवा मी ठरवलेलं पुढचं. तीच तबकडी पुन्हा लावली, पुन्हा लावली. निषादावर ते किती क्षण थांबतात ते मला तेव्हा कुठे दिसू लागलं. टेबल लँडच्या पठारावर, जिथं पावसाळ्यात मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं, तिथं चालताना हे यंत्र कुणावर अवलंबून नसतं.

एव्हाना हेक्टिक्सचा माझा दाखलाही माझ्या डोळ्यांसमोर उलटा झाला होता. फारुखच्या शाळासोबत्यांनी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. रेडिओवर ऐकलेलं गाणं तो पियानोवर जसंच्या तसं वाजवायचा. म्हणजे त्या खोलीत पाच जण जमायच्या आधी एक मुलगा रेडिओला कान लावून बसलेला होता. मी त्या गोष्टीचा उत्तरार्धच सांगत आले होते. एकट्यानं कान देऊन ऐकणं आणि चौघांत मिळून वाजवणं यांत वैर नाही. पहिलं घडलं नाही तर दुसऱ्याला खाद्य कुठून मिळणार?

डॉर्मिटरीतही मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. वसतिगृहात नवीन गाणी डाउनलोड करता येत नाहीत. सुट्टीत भरून आणलेली गाणी महिन्याभरात पाठ होतात. मग मुली प्लेअर बदलून घेतात. मिरजेच्या मुलीचा दुबईहून आलेल्या मुलीकडे, तिचा तासगावच्या मुलीकडे. दोघी एका पलंगावर, एक कान एकीचा, एक दुसरीचा. मर्यादित साठा असल्यामुळे हे घडतं. हातात अख्खं जग असतं, तर शेजारणीकडे मागायची गरजच पडली नसती. याच कारणासाठी मला स्वस्त प्लेअरच हवा आहे. वाय-फाय असलेले महागडे प्लेअर मिळतात, ते मोबाइलचेच भाऊबंद. २००१ मध्ये आलेला आयपॉड ॲपलनं २०२२ मध्ये बंद केला, आणि मोठ्या कंपन्यांनी या साध्या वस्तूकडे बहुतेक पाठच फिरवली आहे. ती टिकावी असं मला मनापासून वाटतं.

रडणाऱ्या नव्या मुलीबद्दलचं माझं म्हणणं मात्र मी सोडलेलं नाही. तिथं माझं जुनं मत जसंच्या तसं आहे, आणि बैठकीत ते मी मान्य करून घेतलं. पहिल्या सत्राचा पहिला महिना नव्या मुलींचे प्लेअर माझ्या कपाटात राहतात. जेवणघरात, खेळाच्या मैदानावर आणि रस्त्यावर कुणीच कानात काही घालायचं नाही. आवाज किती ठेवायचा हेही ठरवून दिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं मुलांसाठी सांगितलेली मर्यादा ७५ डेसिबल आणि आठवड्याला ४० तास अशी आहे. स्वस्त यंत्रांत आवाजाला कुलूप लावायची सोय बहुधा नसते, म्हणून निम्म्याच्या वर पट्टी न्यायची नाही असा साधा नियम केला. पाळला जातो की नाही ते पाहायला मी रात्री फेरी मारते. शेजारच्या पलंगावर ऐकू आलं, तर आवाज जास्त आहे.

एक सहकारी अजूनही माझ्याशी सहमत नाहीत. एक सूट दिली की दहा मागितल्या जातात, असं त्या म्हणतात. त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, आणि दिवाळीनंतर या विषयावर पुन्हा बसायचं ठरलं आहे.

तोवर येत्या जूनसाठी पालकांना जाणाऱ्या सूचनापत्रात मी चार ओळी घातल्या आहेत. प्लेअर साधा असावा, इंटरनेटशिवायचा. कानातलं मात्र बरं घ्या. गाणी भरताना मुलीला शेजारी बसवा आणि तिला निवडू द्या. आणि घरात कुणी गात असेल, वाजवत असेल, आजी ओव्या म्हणत असेल, तर पंखा बंद करून, फोन जवळ ठेवून तेही रेकॉर्ड करा, आणि फाइल २५६च्या खाली आवळू नका.