दोघींचा बटवा

आजीचा बटवा हिरव्या खणाचा होता. आत तीन कप्पे, आणि ओढली की तोंड आवळून घेणारी सुती दोरी. एका कप्प्यात सुपारी नि कात, दुसऱ्यात चिल्लर, तिसऱ्यात बारीक घडी घातलेल्या नोटा. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावाहून आजी दर माघात शेगावला पायी जायची. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा लोकांच्या दृष्टीस पडले. त्या तिथीला प्रकट दिन असतो आणि आसपासच्या गावांतून दिंड्या निघतात. आमच्या आळीतल्या बायांचीही एक टोळी निघायची. निघण्याआधी प्रत्येकीने सारखे पैसे काढायचे आणि ते सगळे आजीच्या बटव्यात जायचे. वाटेतला चहा, पायाला लावायचं तेल, एखादीचा पाय सुजला तर तिचं एसटीचं तिकीट, सगळं त्या समाईक पैशातून.

या बटव्याचे नियम आजीने कधी बसवून शिकवले नाहीत. ते बघत बघतच कळले. पैसे सगळ्यांचे सारखे. खर्च करायच्या आधी सगळ्यांच्या कानावर घालायचं, मग तो चहाचा का असेना. आणि परत आल्यावर जे उरेल ते वाटून घ्यायचं नाही, पुढच्या माघाला ठेवायचं. त्यामुळे तो बटवा कधीही पूर्ण रिकामा झालेला मी पाहिला नाही.

मी कॉलेजसाठी बुलडाण्याला आले तेव्हा आजीचं चालणं थांबलं होतं. तिने बटव्यातली सुपारी काढून घेतली आणि बटवा माझ्या हातात दिला. खोलीवर माझ्यासोबत लोणारची मुलगी होती. पुढची सगळी वर्षं जिच्याबरोबर फिरले, ती हीच मैत्रीण.

बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं. डिसेंबर लागला की पहाटे बोलताना तोंडातून वाफ निघते. जिल्ह्याचं ठिकाण असूनही इथे रेल्वे नाही. गाडी पकडायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं. खामगावला मात्र कापसाच्या व्यापारासाठी इंग्रजांनी १८७० सालीच जलंबहून फाटा टाकला. आम्हा दोघींसाठी प्रवास म्हणजे एसटीच. महामंडळाने १९८८ साली ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासची योजना सुरू केली. एकदा पैसे भरले की ठरलेल्या मुदतीत कुठल्याही गाडीत चढा, कुठेही उतरा. त्या काळात मुलींनी असं भटकणं घरी सहज पटणारं नव्हतं. पण वाटेत मेहकरला माझी मावशी होती, लोणारला मैत्रिणीचं घर होतं आणि शेवट शेगावला होता. शेगावला जायला कुणाचीच ना नव्हती.

पासमुळे भाड्याची चिंता मिटली. खाण्यासाठी आणि मुक्कामासाठी बटवा होता. दोघींनी सारखे पैसे टाकले आणि कडाक्याच्या थंडीत पहाटेच्या गाडीने निघालो. चिखली आणि देऊळगाव राजा मागे टाकून सिंदखेड राजाला उतरलो. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा राजवाडा इथला. दगडी प्रवेशद्वाराखाली उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. आम्ही वाडा पाहिला, लखुजीरावांची समाधी पाहिली, मोती तलावाच्या काठाने फिरलो. दुपार कलली तरी दोघींनी काही खाल्लं नव्हतं. मी म्हणायची, “तुला चालेल ते.” ती म्हणायची, “तुले चालन ते.” भीड होती. पैसे थोडे होते आणि आपल्यामुळे दुसरीचे खर्च होऊ नयेत असं दोघींनाही वाटत होतं.

शेवटी ती वाड्याच्या पायरीवर बसली, माझ्या हातातून बटवा घेतला आणि दोरी सोडून सगळी चिल्लर काळ्या दगडावर ओतली. थंडीने बोटं बधिर झालेली, तरी एकेक नाणं तिने ओळीने लावलं. मग म्हणाली, “पाय बरं, पैसे दोघींचे आहेत. तू बोललीच नाही तं मले कसं समजन?” मी सांगितलं, मला गरम भजी खायची आहेत. तिला पेरू हवे होते. पेरू स्वस्त होते, म्हणून दोन्ही घेता आलं. पुढे दुसरबीड, बिबी, सुलतानपूर करत मेहकरला पोचेपर्यंत आम्ही त्या दिवसाचाच नव्हे तर पुढच्या सगळ्या मुक्कामांचा खर्च बोलून घेतला होता. तिला काय बघायचं आहे, मला कशाची भीती वाटते, तेही त्याच बोलण्यात निघालं. खोलीवर वर्षभर शेजारी झोपून जे कळलं नव्हतं, ते त्या एसटीच्या बाकावर कळलं.

मेहकरला शारंगधर बालाजीपुढे हात जोडले. काळ्या पाषाणाची ती भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीत सापडलेली. मग लोणार. तिच्या घरी हुरडा, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत, सगळं होतं. पहाटे ती मला विवरात घेऊन उतरली. धारेचं गोडं पाणी कडाक्याच्या थंडीतही गोमुखातून पडत होतं. खाली गेलो तसा सरोवराचा उग्र खारा वास नाकात भरला. काठावर कमळजा देवीचं देऊळ आणि जवळच सासू-सुनेची विहीर, जिचं अर्धं पाणी गोड नि अर्धं खारं असं लोक सांगतात. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. “हे भोक कशानं पडलं असेल, ते मले शिकायचं आहे,” ती म्हणाली. आणि ती खरोखरच भूशास्त्र शिकली.

शेगावला भक्तनिवासात थोडक्या पैशात स्वच्छ खोली मिळाली. महाप्रसादाच्या पंगतीत पोटभर जेवलो. वाढणाऱ्या सेवेकऱ्यांची शिस्त आणि नम्रता पाहून मन भरून आलं. गरिबाच्या पोराला देश बघता यावा याची व्यवस्था आपल्याकडे फार जुनी आहे. धर्मशाळा, मठ, अन्नछत्र ही तिची नावं. परत आलो तेव्हा बटव्यात थोडे पैसे उरले होते. आम्ही ते वाटून घेतले नाहीत.

मग लग्नं, नोकऱ्या, मुलं. मी जिल्ह्यातच शिक्षिका झाले. ती शिकत शिकत जर्मनीतल्या म्युनिकला पोचली. बटवा माझ्या कपाटात राहिला. मुलं मोठी झाल्यावर तिचा फोन आला, “पास काढते, तू बटवा घेऊन ये.” युरोप फिरायला आम्ही मुद्दाम जानेवारी निवडला. नाताळची गर्दी ओसरलेली असते, विमानाची तिकिटं स्वस्त होतात, मुक्कामाचे दरही खाली येतात. दिवस आखूड असतो आणि संध्याकाळी साडेचार-पाचला अंधार पडतो, पण पैसे थोडे असणाऱ्याने थंडीशी जमवून घेतलं की युरोप त्याला परवडतो.

पाठीवर एकेक सॅक, आत गरम कपडे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि ठेच्याची बाटली. बटव्याचे तीन कप्पे तेव्हा अगदी कामी आले. जर्मनीचे युरो एकात, झेक कोरुना दुसऱ्यात, पोलंडचे झ्लॉटी तिसऱ्यात. खोलीचं भाडं वाचावं म्हणून लांबचा प्रवास रात्रीच्या बसने केला. प्रागमध्ये चार्ल्स पुलावर पहाटे गेलो. १३५७ साली बांधायला घेतलेला हा पूल. दगडी पुतळ्यांच्या डोक्यावर बर्फ बसलेलं आणि माणूस विरळ. तो पाहायला पैसे लागत नाहीत. गावातून पायी हिंडणं, चौकातलं जुनं खगोलीय घड्याळ तासाच्या ठोक्याला बघणं, चर्चमध्ये शांत बसून अंग गरम करणं, यालाही लागत नाहीत.

क्राकोमध्ये आम्ही ‘बार म्लेचनी’मध्ये जेवायचो, म्हणजे दूधघरात. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवटीत सरकारी अनुदानावर अशा खाणावळी गावोगाव पसरल्या आणि काही आजही चालू आहेत. बटाटा आणि चीज भरून उकडलेले पिएरोगी, बीटाचं तांबडंलाल सूप, धिरडी. ताट स्वतः उचलायचं, भांडी स्वतः परत ठेवायची. आमच्या पुढे रांगेत एक म्हातारी होती. तिने कोटाच्या आतून कापडी पिशवी काढली आणि नाणी मोजून काउंटरवर ठेवली. मला आपल्याकडची १९९५ सालची एक रुपयातली झुणका-भाकर केंद्रं आठवली, आणि २०२० च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळीही. गरम अन्न स्वस्तात मिळावं ही गरज बर्फातल्या माणसाची आणि उन्हातल्या माणसाची एकच आहे.

झोपायला यूथ हॉस्टेल. तिथल्या स्वयंपाकघरात एक फळी असते. निघून जाणारे प्रवासी उरलेला तांदूळ, मीठ, पास्ता, तेल तिथे ठेवून जातात आणि पुढचा येणारा ते वापरतो. ती फळी पाहून मला आजीचा तिसरा नियम भेटल्यासारखं झालं. या हॉस्टेलांचा जन्मही एका शिक्षकाच्या हातून झाला. १९०९ साली रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळी पावसात अडकले आणि एका गावच्या शाळेत पेंढ्यावर त्यांनी रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत प्रवासी मुलांची सोय का होऊ नये, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांनी असं पहिलं कायमचं वसतिगृह उभं केलं. मी स्वतः शिक्षिका असल्याने मला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटते.

शेवटचा मुक्काम नॉर्डलिंगन. माझ्या मैत्रिणीने प्रवासाची सगळी आखणी या छोट्या गावासाठी केली होती. म्युनिकहून बायर्न तिकीट काढलं की त्या दिवशी बव्हेरियातल्या सगळ्या लोकलगाड्या आपल्या, आणि दोघी मिळून काढलं तर माणशी खर्च आणखी कमी. आपल्या ‘आवडेल तेथे’ची ही जर्मन बहीण. डोनाउवर्थला गाडी बदलून उतरलो तर सगळीकडे बर्फ. हे गाव एका विवरात वसलेलं आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून झालेलं, चोवीस किलोमीटर रुंदीचं रीस विवर. आपलं लोणार एक पूर्णांक आठ किलोमीटर रुंद.

दोन्ही जागांना लोक आधी ज्वालामुखी समजत होते. रीस हे आघातविवर असल्याचं १९६० साली शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. लोणारची बेसॉल्टमधलं आघातविवर अशी ओळख १९७३ सालच्या ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या शोधनिबंधाने जगाला पटवली. अपोलो १४ चे अंतराळवीर १९७० साली या रीसमध्ये दगड ओळखायला शिकले. हे सगळं ती मला गोल तटबंदीवरून चालता चालता सांगत होती आणि मला मात्र पाण्यावरच्या धुक्यात उभी असलेली लोणारची मुलगी दिसत होती.

तिथेच बटव्याची परीक्षा झाली. प्रवास संपत आला होता. उरलेल्या युरोत गरम जेवण आणि दोघींची एकाच ठिकाणची तिकिटं बसत होती. एकीकडे विवराचं संग्रहालय, ज्यात चंद्रावरून आणलेला खराखुरा दगड आहे. दुसरीकडे सेंट जॉर्ज चर्चचा ‘डॅनियल’ मनोरा, नव्वद मीटर उंच. कार्ड दोघींकडे होतं, पण बटव्याबाहेर जायचं नाही असं ठरलेलं. आम्ही चौकातल्या बाकावर बर्फ झटकून बसलो. तिने सांगितलं, तो दगड तिला पाहायचाच आहे, पण म्युनिकहून ती पुन्हा येऊ शकते. मी सांगितलं, मला वरून विवराचा काठ बघायचा आहे, कारण लोणारला त्या पहाटे तो दिसला नव्हता. मनोरा ठरला. साडेतीनशे पायऱ्या आम्ही थांबत थांबत चढलो. वर वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. खाली तांबड्या कौलांचं गोल गाव आणि दूर चहूबाजूंनी पांढऱ्या टेकड्यांचं कडं. ती टेकड्यांकडे बोट फिरवत राहिली. हा मनोरा ज्या सुएव्हाइट दगडाचा आहे, तो त्या आघातातच भाजून, वितळून घडलेला. गावाने आपल्यावर कोसळलेल्या संकटाचाच दगड घेऊन देऊळ बांधलं, हे तिने सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता.

आता माझी मुलगी मैत्रिणींसोबत फिरते. तिच्या फोनवर प्रत्येकीचा खर्च पैशापर्यंत वाटला जातो, रात्री ज्याचे त्याला पाठवले जातात. हिशेब चोख असतो. पण ज्याला जे हवं ते त्याने आपल्या पैशाने घेतलं की कुणाला काही सांगावं लागत नाही, विचारावंही लागत नाही. समाईक पैशात तसं चालत नाही. तिथे प्रत्येक चहासाठी तोंड उघडावं लागतं. मला काय हवं हे सांगणं आणि तुला काय हवं हे ऐकणं, मैत्रीतलं हे अवघड काम थोड्या पैशाच्या प्रवासाने आमच्याकडून करून घेतलं. भरपूर पैसे असते तर आम्ही मनोराही पाहिला असता आणि संग्रहालयही, आणि त्या बाकावर बसलो नसतो.

म्हणून तरुण मुलामुलींना मनापासून सांगते. युरोपला जरूर जा, हिवाळ्यात जा, स्वस्तात जा. पण त्याआधी एका हिवाळ्यात आपला जिल्हा पालथा घाला. एसटीचा पास आजही मिळतो. मार्च २०२३ पासून राज्यात मुलीबाळींना एसटीचं तिकीटही अर्धं झालं आहे. सिंदखेड राजा, मेहकर, लोणार, शेगाव या वाटेला फार पैसे लागत नाहीत. सोबत एकच मित्र किंवा मैत्रीण घ्या, दोघांचे पैसे सारखे काढून एकत्र ठेवा आणि खर्चाआधी बोला. जो त्या पैशात तुमच्याबरोबर आनंदाने फिरून आला, त्याच्यासोबत जगात कुठेही खुशाल जा.