मैदानाचे पूर्ववाचन

व्यावसायिक गोल्फ स्पर्धा सुरू होण्यापूर्वी लिहिल्या जाणाऱ्या लेखाकडे वाचक बहुधा विजेत्याचे नाव शोधत येतो, आणि नेमकी हीच गोष्ट त्या लेखाला सर्वांत कमी खात्रीने सांगता येते. ब्रिटिश ओपनसारख्या स्पर्धेत १५६ खेळाडू उतरतात, दोन दिवसांनंतर त्यांतले सुमारे निम्मे गळतात आणि उरलेले आणखी दोन दिवस खेळून ७२ होल, म्हणजे चेंडू आरंभस्थानापासून खळग्यात घालवण्याचे टप्पे, पुरे करतात. एवढ्या दीर्घ खेळात वाऱ्याची एक झुळूक किंवा चेंडूची एक चुकार उसळी निकाल फिरवू शकते. मात्र ज्या मैदानावर हे सारे घडणार असते ते मैदान आधीपासून डोळ्यांसमोर असते, त्याची जमीन तपासता येते, त्याचे पाणी आणि त्याचे उतार चालत जाऊन पाहता येतात. म्हणून स्पर्धापूर्व लेखाचे खरे काम भाकिताचे नसून वाचनाचे आहे : मैदान खेळाडूसमोर कोणते पेच टाकणार आहे, त्या पेचातून सुटण्याच्या वाटा किती आहेत आणि प्रत्येक वाटेची किंमत काय आहे, हे पहिला फटका मारला जाण्याआधी वाचकाला समजावून देणे हा त्या लेखनाचा धर्म होय.

ही गोष्ट स्पष्ट करण्यास स्कॉटलंडमधील कार्नूस्टीइतके समर्पक मैदान क्वचितच सापडेल. डंडी शहराच्या पूर्वेस उत्तर समुद्राच्या किनारी असलेले हे मैदान ‘लिंक्स’ प्रकारचे आहे, म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूमिश्रित, झाडे विरळ असलेल्या, नैसर्गिक चढउतारांच्या पट्ट्यावर ते वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकात ॲलन रॉबर्टसन आणि ओल्ड टॉम मॉरिस यांनी त्याची आखणी केली व १९२६ मध्ये जेम्स ब्रेड यांनी तिला आधुनिक रूप दिले. १९३१ पासून २०१८ पर्यंत येथे आठ वेळा ओपन भरली. २०१८ मध्ये मैदानाची लांबी ७,४०२ यार्ड, म्हणजे पावणेसात किलोमीटरांहून किंचित अधिक, आणि पार ७१ होता. निष्णात खेळाडूने मैदान जितक्या फटक्यांत पुरे करावे असे गृहीत धरलेले असते, त्या संख्येला पार म्हणतात.

पुण्याच्या येरवड्यातील किंवा मुंबईच्या चेंबूरमधील गोल्फ मैदान पाहिलेल्या मराठी वाचकाला लिंक्सचा पहिला धडा उलटा वाटण्याची शक्यता असते. झाडांनी वेढलेल्या, पाणी देऊन हिरव्या राखलेल्या गवतावर उंच उडवलेला चेंडू पडतो तिथेच जवळपास थांबतो, त्यामुळे खेळाडूचा हिशेब मुख्यतः हवेतला असतो. लिंक्सवरची जमीन कठीण असते, चेंडू पडल्यावर बराच धावतो, आणि त्याचे धावणे सपाटीवरचे नसून उंचवटे व खळगे यांच्या मर्जीवरचे असते. म्हणून चेंडू कोठे पडेल यापेक्षा तो कोठे थांबेल हा प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरतो. बंकर, म्हणजे वाळूने भरलेले खड्डे, तेथे खोल आणि उभ्या काठांचे असतात, आणि भोवतालची जमीन चेंडूला त्यांच्याकडे ओढून नेते, त्यामुळे खड्डा दिसतो त्याहून प्रत्यक्षात मोठा असतो. लेखकाने हे सांगितले नाही तर पुढचे कोणतेही आकडे वाचकाला अर्थपूर्ण होत नाहीत.

दुसरा धडा वाऱ्याचा. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान समुद्राकाठाने जाते आणि वळून परत येते, त्यामुळे तेथे वाऱ्याची दिशा एकदा कळली की पुष्कळ होलांचा अंदाज बसतो. कार्नूस्टीत मात्र दोनांपेक्षा अधिक सलग होल एकाच दिशेला जात नाहीत, आणि परिणामी खेळाडूला दर थोड्या वेळाने वारा नव्याने मोजावा लागतो. सतरावा होल जिकडे जातो त्याच्या उलट अठरावा परततो, म्हणून यांतल्या एकावर वारा पाठीशी असेल तर दुसऱ्यावर तो तोंडावर येतो. यात वेळेचाही प्रश्न मिसळतो. ओपनमध्ये सर्व खेळाडू पहिल्या होलपासूनच सुरुवात करतात, त्यामुळे पहाटेची तुकडी आणि दुपारची तुकडी यांच्यामध्ये कित्येक तासांचे अंतर पडते, आणि सकाळच्या शांततेत खेळलेल्यांना जे मैदान मिळते ते दुपारच्यांना मिळतेच असे नाही. खेळण्याच्या वेळांचा तक्ता हवामानाच्या अंदाजाशेजारी ठेवून वाचणे हे म्हणूनच खेळाडूंची अलीकडची कामगिरी वाचण्याइतकेच आवश्यक काम आहे.

तथापि मैदानाचा नकाशा पाठ असणे म्हणजे मैदान ओळखणे नव्हे, आणि या लेखनप्रकारातील सर्वांत मोठा धोका येथेच आहे. मैदानाची एकदा झालेली कीर्ती पुढच्या प्रत्येक लेखात जशीच्या तशी उतरते. १९९९ मध्ये कार्नूस्टीत २४ वर्षांनी ओपन परतली तेव्हा फेअरवे, म्हणजे चेंडू टप्प्याटप्प्याने पुढे नेण्यासाठी कापून राखलेला गवताचा पट्टा, अरुंद ठेवलेले होते, त्यांच्या कडेचे रफ, म्हणजे मुद्दाम वाढू दिलेले गवत, उंच आणि दाट होते, आणि त्यात वाऱ्याची भर पडली. पहिल्या दिवशी एकाही खेळाडूला पारपेक्षा कमी फटके साधता आले नाहीत. त्या दिवशी पारइतकेच ७१ फटके घेऊन आघाडीवर असलेला रॉडनी पॅम्पलिंग दुसऱ्या दिवशी ८६ फटके घेऊन स्पर्धेबाहेर गेला. चौथ्या दिवसाअखेर सर्वोत्तम फटकेसंख्या पारहून सहा फटके जास्त, म्हणजे २९० होती. या आकड्यांनी कार्नूस्टीची दहशत जगभर पोहोचवली.

परंतु २००७ मध्ये त्याच मैदानावर मांडणी तुलनेने उदार आणि जमीन मऊ असताना आघाडीची फटकेसंख्या पारहून सात फटके कमी झाली. २०१८ मध्ये उष्ण, कोरड्या उन्हाळ्याने गवत तपकिरी पडले, रफ विरळ झाले आणि फेअरवे इतके टणक झाले की चेंडू पडल्यानंतरही लांबवर धावत सुटत होता. त्या वर्षी इटलीचा फ्रान्चेस्को मोलिनारी पारहून आठ फटके कमी घेऊन जिंकला आणि शेवटच्या दोन दिवसांत त्याने एकही बोगी, म्हणजे पारहून एक फटका जास्त, केली नाही. लांबी जवळजवळ तीच, पाणी तेच, बंकर तेच, आणि तरी तीन वर्षांच्या तीन परीक्षा निराळ्या होत्या. १९९९ मध्ये सरळ मारण्याची परीक्षा होती, तर २०१८ मध्ये धावणाऱ्या चेंडूला आवरण्याची : ड्रायव्हर या सर्वांत लांब मारणाऱ्या काठीने बंकरांच्या पलीकडे जावे, की आयर्न या आखूड काठीने त्यांच्या अलीकडेच थांबावे, हा प्रश्न बहुतेक होलांवर खुला होता आणि उत्तम खेळाडूही त्याची वेगवेगळी उत्तरे देत होते. म्हणून स्पर्धापूर्व लेखकाने मागील स्पर्धांचे आकडे उघडण्याआधी त्या ऋतूचे गवत पाहावे, चालताना पायाखालच्या जमिनीचा टणकपणा जोखावा, सरावाच्या दिवसांत खेळाडू कोणत्या होलच्या आरंभी कोणती काठी काढतात हे टिपावे आणि कीर्ती ही मैदानाची स्थिती नसून मैदानाची स्मृती आहे हे सतत ध्यानात ठेवावे.

एकेका होलचे वाचन करताना अनुभवी लेखक बहुधा उलटे चालतो, ग्रीनकडून टीकडे. टी हे होलचे आरंभस्थान आणि ग्रीन हे खळगा असलेले, अगदी बारीक कापलेले गवत. चेंडू शेवटी ग्रीनवर थांबवायचा असल्याने त्याआधीचा फटका कोठून सोयीचा हे ग्रीनच ठरवते, आणि त्यावरून पहिला फटका कोठे टाकावा हे उलगडत जाते. कार्नूस्टीचा अठरावा होल अशा वाचनाचा वस्तुपाठ आहे. ४९९ यार्ड लांबीच्या आणि चार पारच्या या होलवर ग्रीनच्या ऐन पुढ्यात बॅरी बर्न हा दगडी काठांचा ओढा आडवा आहे, डाव्या हाताला मैदानाची हद्द आहे, उजवीकडे बंकर आहेत, आणि तोच ओढा मागे वळणे घेत टीवरून मारलेल्या फटक्याच्याही वाटेत येतो. ग्रीन दोन फटक्यांत गाठायचे तर पहिला फटका लांब हवा, आणि लांब फटका पाण्याच्या व हद्दीच्या जवळ नेतो. तीन फटक्यांत गाठायचे ठरवले तर पाणी दूर राहते, पण बोगी जवळजवळ पत्करावी लागते. होलची सारी कठीणता या एका सौद्यात आहे, आणि लेखात तो सौदा उघडून दाखवला की वाचक रविवारच्या, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या, संध्याकाळसाठी तयार होतो.

१९९९ मधला रविवार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्द तीन फटक्यांची आघाडी घेऊन अठराव्या टीवर उभा होता. सहा फटके घेतले असते तरी तो विजेता ठरला असता. त्याने ड्रायव्हर निवडला, चेंडू उजवीकडे गेला तरी पाण्यापासून वाचला, आणि दुसऱ्या फटक्यात त्याने थेट ग्रीनचा वेध घेतला. तो चेंडू प्रेक्षकसज्जाला लागून, ओढ्याच्या काठावर आदळून मागे दाट रफमध्ये आला. तिसरा ओढ्यात पडला. दंडाचा फटका, त्यानंतर बंकर, आणि अखेर सात. बरोबरीनंतरच्या चार होलांच्या प्लेऑफमध्ये स्कॉटलंडचा पॉल लॉरी जिंकला, जो त्या दिवसाच्या सुरुवातीला दहा फटके मागे होता आणि पात्रता फेरीतून स्पर्धेत आला होता. आठ वर्षांनी आयर्लंडच्या पॅड्रिग हॅरिंग्टनने याच होलवर दोनदा चेंडू ओढ्यात घालवून सहा फटके घेतले आणि हातचे विजेतेपद जवळजवळ गमावले. परंतु प्रतिस्पर्धी सर्जिओ गार्सियालाही तेथे बोगी झाल्याने प्लेऑफ झाला, आणि त्यात दोन फटके पुढे असताना पुन्हा त्याच टीवर आलेल्या हॅरिंग्टनने पाण्याच्या अलीकडे थांबण्याची वाट धरली, पाच फटके पत्करले आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. एकाच संध्याकाळी, एकाच माणसाने, एकाच होलवर सौद्याच्या दोन्ही बाजू खेळून दाखवल्या. जो लेख आधीच्या बुधवारी हा सौदा समजावून सांगतो त्याच्या वाचकाला व्हान द व्हेल्दची शोकांतिका निव्वळ दुर्दैव वाटत नाही आणि हॅरिंग्टनचा संयम भित्रेपणा वाटत नाही. दोहोंतला निर्णय त्याला दिसतो, आणि निर्णय दिसणे हाच गोल्फ पाहण्यातला खरा आनंद आहे.

खेळाडूंविषयीचा मजकूरही याच दृष्टीने लिहिला जावा. नावांची क्रमवार यादी देण्याऐवजी मैदानाला कोणता गुण हवा आहे आणि तो कोणाजवळ आहे, हे सांगणे अधिक प्रामाणिक असते. १९५३ मध्ये बेन होगनने येथे आपली एकमेव ओपन खेळून जिंकली आणि प्रत्येक फेरीत आदल्या फेरीहून कमी फटके घेतले : ७३, ७१, ७०, ६८, हे आकडे मैदान फेरीगणिक समजत गेल्याचे निदर्शक आहेत. १९७५ चा विजेता टॉम वॉटसन सोळाव्या, तीन पारच्या लांबलचक होलवर प्लेऑफसह पाचही फेऱ्यांत एकदाही पार करू शकला नाही, आणि तरीही जिंकला. म्हणजे येथे एखाद्या होलशी हार मान्य करूनही संपूर्ण मैदानाशी झुंज जिंकता येते. २०१८ मध्ये भारताचा शुभंकर शर्मा येथे दोन दिवसांनंतरची गाळणी पार करून पुढे गेला, तेव्हा भारतीय वाचकाला त्याचा क्रमांक सांगण्याइतकेच, लिंक्सवरची धाव नव्याने हाताळणाऱ्या तरुणाने काय साधले हे समजावणे महत्त्वाचे होते.

अशा लेखाची परीक्षा स्पर्धा संपल्यानंतरच्या सोमवारी होते. त्यातले विजेत्याचे नाव चुकलेले असण्याची शक्यता फार मोठी असते आणि त्याबद्दल लेखकाला दोष देण्याचे कारण नाही, कारण १९९९ मध्ये लॉरीचे नाव आधी लिहिणे कोणत्याही अभ्यासाने शक्य नव्हते. पण अठराव्या होलवरच्या पाण्याचा, कोरड्या जमिनीवरच्या धावेचा, दुपारी फिरणाऱ्या वाऱ्याचा आणि त्यांतून उद्भवणाऱ्या निवडींचा जो उलगडा त्या लेखात असतो तो निकाल काहीही लागला तरी खरा राहतो, आणि घडून गेलेला खेळ त्याच्या प्रकाशात पुन्हा वाचता येतो. निकालानंतरही उपयोगी पडणारा लेखच स्पर्धेपूर्वी लिहिण्याच्या योग्यतेचा असतो. त्यासाठी लेखकाने खेळाडूंच्या मागे धावण्यापूर्वी मैदान पायांनी मोजले पाहिजे.